रीडर चिप बनवणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र: सुरक्षित कार्ड विकता, मग लिनक्सवर त्याच्याशी बोलणारी लायब्ररी कुठे आहे?

प्रति,
कॉन्टॅक्टलेस कार्ड रीडरच्या चिप आणि मोड्युल बनवणाऱ्या सगळ्या कंपन्या, आणि त्यांचे इथले डिस्ट्रिब्युटर

विषय: एम्बेडेड लिनक्सवर, म्हणजे छोट्या यंत्रांत चालणाऱ्या लिनक्सवर, सुरक्षित कार्डांसाठी धड लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला जोडायचा तयार कोड, मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात काम करते. आम्ही पाच जण आहोत आणि दारावर बसणारे कंट्रोलर बनवतो, म्हणजे कार्ड टेकवलं की लॉक सुटतो आणि कोण कधी आलं त्याची नोंद होते, ती पेटी. घोडबंदर रोडच्या सोसायट्या, रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांची कँटीन, नवी मुंबईतली दोन-तीन वसतिगृहं, असं आमचं गिऱ्हाईक. चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत आमच्या प्रत्येक पेटीत तुमच्यापैकी कुणाची ना कुणाची चिप बसलीय, तेव्हा मी कुणी बाहेरची नाही, तुमचीच गिऱ्हाईक आहे, छोटी असेन पण आहे.

हे सगळं मी आधी खाजगीत लिहून झालंय. सात ईमेल, दोन सपोर्ट तिकिटं, एक व्हिडिओ कॉल. तिकिटं उत्तर न येताच आपोआप बंद झाली. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. कुठल्याही एका कंपनीचं नाव घेत नाही, कारण मी तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या चिप आणून बघितल्या आणि अनुभव थोड्याफार फरकाने तोच आला.

आधी घडलं काय ते सांगते.

गेल्या पावसाळ्यात नेरूळच्या एका मुलींच्या वसतिगृहात रात्री कुणीतरी कार्ड टेकवून सरळ मेन गेटने आत शिरलं. दोन लॅपटॉप आणि एक फोन गेला, मुली झोपेत होत्या म्हणून त्यापलीकडे काही झालं नाही. गेटवर आमचीच पेटी, सहा वर्षांपूर्वी मी स्वतः उभं राहून बसवून घेतलेली. नोंदीत एका मुलीचं नाव आणि वेळ, रात्री दोन वाजून काही मिनिटं. ती मुलगी त्या रात्री साताऱ्याला तिच्या घरी होती आणि कार्ड तिच्याच पर्समध्ये होतं. पण मशीन तिचं नाव सांगत होतं, म्हणून आधी सगळ्यांनी तिलाच धरलं, कार्ड कुणाला दिलंस, खरं सांग. दोन दिवस ती पोर रडत होती. वॉर्डनबाईंचा मला फोन आला, म्हणाल्या, ताई, कार्ड तर हिच्याकडेच आहे, मग दार कुणी उघडलं?

मला उत्तर माहीत होतं आणि ते सांगताना माझी जीभ उचलत नव्हती. त्या गेटचं कार्ड आणि रीडर यांच्यात कसलीच ओळखपरेड होत नाही. कार्डाला बॅटरी नसते, रीडरच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या फील्डमध्ये आलं की त्यातूनच त्याला ऊर्जा मिळते, रीडर विचारतो कोण आहेस, कार्ड आपला यूआयडी, म्हणजे स्वतःचा ओळख नंबर, सांगतं, रीडर तो यादीत शोधतो आणि दार उघडतो. बस, एवढंच. आणि हा यूआयडी गुपित नसतो, जो कुणी विचारेल त्याला कार्ड तो सांगतंच, सांगावाच लागतो, कारण एकाच वेळी दोन कार्डं फील्डमध्ये आली तर कुठल्याशी बोलायचं हे त्याच नंबरावरून ठरतं, स्टँडर्डमध्येच तसं आहे. तो नंबर कॉपी करता येणारी कोरी कार्डं बाजारात मिळतात. त्या प्रकारानंतर मी मुद्दाम आमच्याच ऑफिसचं कार्ड घेऊन स्टेशनबाहेरच्या एका चावीवाल्याकडे गेले, त्याने चहा संपायच्या आत दुसरं करून दिलं, आणि त्याने आमचं दार उघडलं.

ही माझी चूक आहेच. मला सहा वर्षांपूर्वीही माहीत होतं की यूआयडी म्हणजे सुरक्षा नाही. मी ते तेव्हा का केलं, आणि आजही ठाणे-नवी मुंबईत मी बघते त्या बहुतेक दारांवर तेच का चालू आहे, याचं कारण या पत्रात आहे, आणि त्या कारणात तुमचा वाटा मोठा आहे.

कारण सुरक्षित कार्ड नाही असं नाहीये. कार्ड केव्हाचं आलंय. मायफेअर क्लासिक हे जुनं कॉन्टॅक्टलेस कार्ड १९९४ पासून बाजारात, त्याची किल्ली, म्हणजे गुपित आकडा, ४८ बिटांची आणि अल्गोरिदम, म्हणजे एन्क्रिप्शनची रीत, गुप्त ठेवलेला. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या हॅकर परिषदेत दोघा संशोधकांनी चिप सूक्ष्मदर्शकाखाली वाचून त्या अल्गोरिदमचा बराचसा भाग काढून दाखवला, २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या निजमेगेनच्या रॅडबाउड विद्यापीठाने तो पूर्ण उलगडला, त्यावरचा शोधनिबंध छापू नये म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याच वर्षी जुलैत कोर्टाने छपाई थांबवायला नकार दिला. लंडनच्या बस-मेट्रोच्या ऑयस्टर कार्डाने क्लासिक सोडून त्याच घराण्यातलं जास्त सुरक्षित डेस्फायर घेतलं. डेस्फायरच्या पहिल्या पिढीवरही २०११ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या विद्यापीठाने चिपचा वीजवापर मोजून किल्ली काढून दाखवली, पण तोवर एईएस हे मजबूत एन्क्रिप्शन असलेली, ईव्ही१ नावाची पुढची पिढी हजर होती, मग ईव्ही२ आली, २०२० मध्ये ईव्ही३ आली. म्हणजे कार्डाच्या बाजूने काम झालंय आणि ते चांगलं झालंय, हे मी मनापासून मान्य करते.

आणि त्यातली पद्धत खरंच सुंदर आहे. रीडर म्हणतो मला बोलायचंय, कार्ड एक रँडम आकडा काढतं आणि आपल्याकडच्या किल्लीने एन्क्रिप्ट करून पाठवतं, रीडरने तो उघडायचा, एक बाइट फिरवायचा, पुढे स्वतःचा रँडम आकडा जोडायचा आणि सगळं परत एन्क्रिप्ट करून द्यायचं, कार्ड तपासतं, जुळलं तर रीडरचा आकडा तसाच फिरवून परत देतं. दोघंही एकमेकांची परीक्षा घेतात. किल्ली हवेतून एकदाही जात नाही, आणि आकडे दर वेळी नवीन म्हणून मधे कुणी सगळं ऐकून ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी त्याचा काही उपयोग नाही. वसतिगृहासाठी तर अजून एक मोठी सोय आहे, रँडम आयडी चालू केला की कार्ड दर वेळी ०८ ने सुरू होणारा वेगळाच नंबर सांगतं, खरा यूआयडी ओळख पटल्यावरच देतं, म्हणजे रस्त्यात कुणी रीडर लपवून मुलींच्या जाण्यायेण्याचा माग काढू शकत नाही.

तर वसतिगृहाच्या कमिटीने एका बैठकीत कार्डामागचे जास्तीचे पैसे मंजूर केले. ज्या संस्थेत गीझर बदलायला वर्ष लागतं तिथे हे एका बैठकीत झालं, एवढे ते घाबरले होते. मी त्यांना म्हटलं तीन महिन्यांत दार बदलून देते. आज अकरावा महिना चालू आहे.

आता माझ्या तक्रारी. सोप्या भाषेत लिहितेय कारण हे पत्र कमिटीतल्या काकूंनीही वाचावं असं मला वाटतं.

पहिली गोष्ट, तुमच्या ब्रोशरवर 'लिनक्स सपोर्ट' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ काय असतो? माझ्या अनुभवात त्याचा अर्थ एक झिप फाइल. ती उघडली की आत मायक्रोकंट्रोलरसाठी लिहिलेली लायब्ररी, जिच्यावर एक पातळ थर देऊन ती एका विशिष्ट बोर्डावर, एका विशिष्ट जुन्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, एकदा चालवून दाखवलेली असते. रिसेट आणि इंटरप्टच्या (चिप स्वतःहून 'माझ्याकडे बघ' असं कळवते त्या) पिन सिसएफएसमधून, म्हणजे लिनक्सच्या जुन्या फाइल-पद्धतीने, आणि त्यांचे आकडे थेट कोडमध्ये टाकलेले. जीपीआयओसाठी, म्हणजे अशा पिन चालवायला, ती जुनी पद्धत बाजूला पडून कॅरेक्टर डिव्हाइसची पद्धत कर्नल ४.८ मध्ये आली, २०१६ साली. आमची पेटी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या कंप्युट मोड्युलवर आहे, सुरक्षेचे अपडेट हवेत म्हणून आम्ही कर्नल ६.६ वर गेलो आणि रीडर मुका झाला. ना एरर, ना लॉग. तीन दिवस आम्ही केबल बदलत होतो, सोल्डर बघत होतो, आमचा मुलगा ऑसिलोस्कोप लावून एसपीआयच्या, म्हणजे चिपशी बोलायच्या, लाइनी बघत बसला होता, आणि शेवटी निघालं काय तर नवीन कर्नलवर पिनांची मोजणी ५१२ पासून सुरू होते, म्हणजे जी पिन १७ होती ती आता ५२९. लायब्ररी बिचारी १७ नंबरच्या पिनला हाका मारत होती. ही चूक लायब्ररीत एका दिवसात दुरुस्त होते, तीही कायमची. आम्ही दुरुस्ती करून तुम्हाला पाठवली. तिची पोच आजपर्यंत नाही.

दुसरी, आणि माझ्यासाठी ही सगळ्यात जड आहे. सुरक्षित कार्डांचा भाग लायब्ररीतून काढलेला असतो. साधं कार्ड ओळखा, यूआयडी वाचा, हे सगळं मोफत आणि उघडं, नमुना कोडसकट. एईएसने ओळख पटवायचा भाग हवा असेल तर फॉर्म भरा, एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, करा, वर्षाला किती चिप घेणार ते सांगा. मी खरं लिहिलं, दोनशे. तिथेच गाडी अडली. चार महिन्यांनी उत्तर आलं की तुमच्या प्रदेशाच्या सेल्स प्रतिनिधीशी बोला, त्यांच्याशी बोलले तर ते म्हणाले डिस्ट्रिब्युटरशी बोला, डिस्ट्रिब्युटर म्हणाला मॅडम आम्ही फक्त माल देतो. यात वाईट काय आहे ते नीट बघा. जो रस्ता असुरक्षित आहे तो तुम्ही डांबर टाकून गुळगुळीत करून ठेवलाय आणि जो सुरक्षित आहे त्याच्यावर गेट लावून किल्ली मोठ्या गिऱ्हाइकाकडे दिलीय. मग छोटा माणूस कुठून जाणार? तो यूआयडी वाचणार, यादीत शोधणार, दार उघडणार. सहा वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं, डिलिव्हरीची तारीख डोक्यावर होती आणि नमुना कोड तयार होता. माझ्यासारखे या एका पट्ट्यात किती असतील, महापे, तुर्भे, भिवंडी, अंबरनाथपर्यंत, सगळे तोच नमुना कोड वापरतायत आणि सोसायटीला सांगतायत की स्मार्ट कार्ड बसवलंय. लोकांना वाटतं स्मार्ट म्हणजे सुरक्षित.

तिसरी, जी बायनरी, म्हणजे आतला कोड न दिसणारी तयार फाइल, मिळते ती एकाच प्रकारची असते. आमच्या हाती शेवटी एक तयार लायब्ररी आली, सोर्स नाही, फक्त ३२ बिट एआरएमसाठी. आमची पूर्ण सिस्टिम ६४ बिटवर गेलीय. ६४ बिटची मागितली तर 'रोडमॅपवर आहे' असं उत्तर आलं. रोडमॅप म्हणजे कधी, हे विचारलं त्याचं उत्तर नाही. ३२ बिटचा वेगळा प्रोग्रॅम करून मधे सॉकेट टाकून आम्ही ते चालवलं, चालतं, पण ज्या दारासाठी मी सुरक्षेची हमी देणार त्याच्या मधोमध एक असा डबा आहे ज्याच्या आत काय आहे मला माहीत नाही आणि त्यात उद्या चूक निघाली तर मला कळणारही नाही, कारण तुम्ही बदलांची यादीही देत नाही.

चौथी, छोट्या छोट्या पण दारावर उभ्या असलेल्या माणसाला रोज टोचणाऱ्या गोष्टी. कार्डाला आतलं काम करायला जास्त वेळ हवा असेल तर ते रीडरला तसं सांगतं, आयएसओ १४४४३ च्या चौथ्या भागात त्यासाठी वेगळा ब्लॉक आहे, की थांब, मला अजून वेळ दे. तुमच्यातल्या एकाच्या लायब्ररीत हा वेळ साध्या स्लीपने, म्हणजे प्रोग्रॅम थांबवून, मोजला जातो, पेटी दुसऱ्या कामात असली की हिशोब चुकतो आणि लायब्ररी म्हणते कार्ड काढून घेतलं. मुलगी कार्ड टेकवून उभीच आहे. दुसऱ्या एकाच्या लायब्ररीत सगळा हिशोब ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमला मिळून एकाच जागी, म्हणून एका प्रोग्रॅममध्ये एकच रीडर. अहो, दाराला दोन बाजू असतात, आत जायला एक रीडर आणि बाहेर यायला एक. तिसऱ्या ठिकाणी इंटरप्टची पिन बोर्डावर दिलीय पण लायब्ररी ती न वापरता सतत चिपला विचारत बसते, प्रोसेसरचा एक कोर त्यातच गुंतलेला, बंद पेटीत, मे महिन्यात, गेटवर उन्हात. आणि रँडम आयडी चालू केला की त्याच लायब्ररीला दर वेळी नवीन कार्ड आल्यासारखं वाटतं, म्हणून एकदा टेकवलेल्या कार्डाच्या तीन नोंदी. म्हणजे कार्डातली जी सोय मुलींच्या सुरक्षेसाठी होती ती बंद ठेवा असं मला लायब्ररी सांगतेय.

पाचवी, लायसन्स. आम्ही केलेल्या दुरुस्त्या आम्ही कुणाला देऊ शकत नाही. माझ्यासारख्याच एका माणसाने पुण्यात तोच पिनांचा घोळ तीन दिवस शोधला असेल, मी त्याला सांगू शकत नाही की हे घे, हा पॅच लाव.

आता तुमचं नेहमीचं उत्तर मला माहीत आहे, व्हिडिओ कॉलवर ऐकलंय. सुरक्षेची गोष्ट आहे म्हणून उघडं करता येत नाही. मी हे फार विचार करून लिहितेय: हे खरं नाही. एईएस हा अमेरिकेच्या स्टँडर्ड संस्थेने २००१ मध्ये जाहीर छापलेला अल्गोरिदम आहे, बेल्जियमच्या दोघांनी बनवलेला, कुणीही डाउनलोड करून वाचू शकतो, आणि जगातल्या बँका त्याच्यावर चालतात. सिस्टिमचं सगळं शत्रूला माहीत असलं तरी फक्त किल्ली गुपित असेल तर ती टिकली पाहिजे, हे ऑगस्ट केर्कहोफ्सने १८८३ मध्ये लिहून ठेवलंय, तेव्हा आपल्याकडे टिळक आगरकर केसरी चालवत होते. जे कार्ड अल्गोरिदम लपवून सुरक्षित ठेवलं होतं तेच २००८ मध्ये फुटलं. आणि ईव्ही२ च्या संवादाची जी पद्धत आहे, तीच एनटॅग ४२४ डीएनए या छोट्या टॅगमध्ये आहे आणि त्याच्या जाहीर डेटाशीटमध्ये पायरी पायरीने दिलीय. म्हणजे गुपित उघडं आहेच, फक्त ते चालवणारा, तपासलेला, सांभाळलेला कोड आमच्याकडे नाही. मग प्रत्येक जण तो रात्री जागून स्वतः लिहितो, आणि एन्क्रिप्शनचा कोड घाईत लिहिला की त्यात चुका राहतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. लपवल्यामुळे दारं सुरक्षित होत नाहीयेत, उलट कच्ची होतायत.

दुसरं उत्तर, लिनक्सवर हे अवघड आहे, टायमिंग सांभाळता येत नाही. थोडं खरं आहे. सगळ्यात बारीक टायमिंग, मायक्रोसेकंदांचं, ते तुमची चिपच सांभाळते, म्हणून तर आम्ही ती विकत घेतो. वरचा वेळ मिलीसेकंदांत असतो आणि तो लिनक्स नीट सांभाळतो, इंटरप्ट वापरला तर. फक्त प्रॉक्झिमिटी चेक, म्हणजे कार्ड खरंच जवळ आहे की कुणी लांबून रिले करतंय हे वेळेवरून ओळखायचं, तिथे नेमकेपणा लागतो, आणि ती मोजणी चिपमध्येच व्हावी असं मला वाटतं. पण रिअल टाइमचे पॅच सुद्धा आता मुख्य कर्नलमध्ये आलेत, २०२४ मध्ये, ६.१२ पासून. कारण संपत चाललंय.

आणि लिनक्सवर हे होऊच शकत नाही म्हणाल तर ते होतंय. यूएसबीचा साधा रीडर लावा, पीसीएससी-लाइट हे खुलं सॉफ्टवेअर घाला, पाच मिनिटांत कार्डाशी बोलता येतं, वर्षानुवर्षं लोक वापरतायत. लिबएनएफसी ही खुली लायब्ररी आहे. तिच्यावर बसणारी लिबफ्रीफेअर आहे, ईव्ही१ पर्यंतचं काम तिने केलंय, नवीन कार्डं जुन्या पद्धतीनेही बोलतात म्हणून आम्ही आमचा पहिला नमुना तिच्यावरच चालवला. कर्नलमध्ये एनएफसीचा, म्हणजे अशा जवळून बोलणाऱ्या कार्डांचा, भाग ३.१ पासून आहे, २०११ पासून. हे सगळं बरंचसं लोकांनी आपल्या वेळात केलंय. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे आहेत. पण यूएसबी रीडर मी गेटच्या पेटीत बसवू शकत नाही, तो कनेक्टर गेट आपटून आपटून सैल होतो, पावसाळ्यात हिरवा पडतो, आम्ही करून बघितलंय, ऐरोलीच्या एका कारखान्यात दर श्रावणात जाऊन कनेक्टर साफ करायला लागायचे. बोर्डावर सोल्डर केलेली चिपच लागते. आणि ईव्ही१ च्या पद्धतीने बोललं की प्रॉक्झिमिटी चेक मिळत नाही, व्यवहाराची सही मिळत नाही, म्हणजे नवीन कार्डाचे पैसे देऊन जुन्याचं काम करून घ्यायचं.

तुम्हाला हे करावंच लागणार आहे, ते वेगळंच. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ ला लागू झालाय, सप्टेंबर २०२६ पासून त्रुटी कळवायची सक्ती आणि डिसेंबर २०२७ पासून बाकीचं सगळं, आत काय काय सॉफ्टवेअर आहे त्याची यादी ठेवा, सपोर्टच्या काळात सुरक्षेचे अपडेट द्या. तिथे माल विकायचा तर हे करणार ना? मग तीच लायब्ररी, तेच अपडेट, त्याच दिवशी आम्हाला द्या. नेरूळची मुलगी हॅम्बुर्गच्या मुलीपेक्षा कमी सुरक्षेवर का राहावी, याचं मला पटेल असं एकही कारण नाही.

आता मागण्या. जास्त नाहीत.

एईएसने ओळख पटवणं, सुरक्षित वाचन-लेखन आणि प्रत्येक कार्डाची वेगळी किल्ली बनवणं, एवढ्या भागाचा सोर्स कोड एनडीएशिवाय द्या. किती चिप घेणार हे विचारू नका. तुमच्या किल्ल्या, तुमच्या चिपच्या आतलं काही मी मागत नाहीये.

लायब्ररी लिनक्सची म्हणून लिहा. पिन आणि बस डिव्हाइस ट्रीमधून, म्हणजे लिनक्सला बोर्डाची रचना सांगणाऱ्या फाइलमधून, घ्या, इंटरप्ट वापरा, ग्लोबल काढा म्हणजे एका पेटीत दोन रीडर चालतील. ३२ आणि ६४ बिट दोन्हीवर, आम्हाला स्वतः बिल्ड करता येईल अशी.

मास्टर किल्ली ठेवायच्या सुरक्षित मोड्युलचा, म्हणजे सॅमचा, भागही त्यातच द्या. आत्ता तो नाही म्हणून लोक मास्टर किल्ली साध्या फाइलमध्ये ठेवतात, पेटी उघडून मेमरी कार्ड काढलं की सगळ्या वसतिगृहाची किल्ली हातात. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

आम्ही केलेल्या दुरुस्त्या उघडपणे देता येतील असं लायसन्स ठेवा, आणि आलेल्या पॅचला हो किंवा नाही, काहीतरी उत्तर द्या.

प्रत्येक चिपच्या पानावर साफ लिहा की लिनक्स लायब्ररी कुठल्या वर्षापर्यंत सांभाळणार. पाच वर्षं म्हणा, सात म्हणा, पण आकडा लिहा. दारावरची पेटी फोनसारखी दोन वर्षांनी बदलत नाहीत, माझ्या काही पेट्या बारा वर्षं भिंतीवर आहेत.

आणि नमुना कोडमध्ये फक्त यूआयडी बघून दार उघडणारं जे उदाहरण आहे ते काढा. किंवा त्याच्या पहिल्या ओळीत लिहा की याने दार सुरक्षित होत नाही. ही मागणी पूर्ण करायला तुम्हाला एक दुपार लागेल, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक हिनेच पडेल, कारण नवीन पोरं आधी तेच उदाहरण उघडतात.

माझ्या बाजूने मी काय करेन तेही लिहिते. आमच्याकडे तीन प्रकारचे बोर्ड आहेत, ईव्ही१ पासून ईव्ही३ पर्यंतची कार्डं आहेत, तुमच्या लायब्ररीची प्रत्येक आवृत्ती आम्ही त्यांच्यावर लावून बघू, काय चाललं काय नाही ते लिहून देऊ, पैसे नकोत. आणि आमच्या कोटेशनवर मी आता लिहायला सुरुवात केलीय की ही पेटी यूआयडी वाचते की किल्ली तपासते. पहिल्याच महिन्यात दोन ऑर्डर हातच्या गेल्या, कारण शेजारचा त्याच किमतीत स्मार्ट कार्ड देतो म्हणाला, तरी लिहिणार.

नेरूळच्या गेटवरची जुनी पेटी आम्ही काढून टाकलीय. सध्या तिथे एक रखवालदार बाई रजिस्टर घेऊन बसतात, रात्री नऊ ते सकाळी सहा, प्रत्येक मुलीचा चेहरा बघून दार उघडतात. त्यांना महिन्याला चार सुट्ट्या असतात, त्या रात्री वॉर्डनबाई स्वतः बसतात. कॉलेज जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतंय आणि चाळीस नवीन मुली येतायत. नवीन पेटी आमच्या टेबलावर तयार आहे, फक्त तिला कार्डाशी नीट बोलता येत नाही. उत्तर द्याल ते कृपया खाजगीत देऊ नका, सगळ्यांना वाचता येईल असं द्या.

कळावे,

आपली,
एक एम्बेडेड इंजिनिअर
वागळे इस्टेट, ठाणे